आश्विनातली घरघर

आश्विन लागला की गंगा घाटाच्या पायऱ्या एकेक करून परत द्यायला लागते. पावसाळाभर पोटात ठेवलेल्या पायऱ्या ती तशाच देत नाही, वर चांगला गुडघाभर गाळ थापून देते. मग ब्रह्माघाटावर फावडी चालू होतात. खरर्र, खरर्र, मध्येच बादलीभर पाण्याचा सपकारा, आणि त्याच्यावर मल्लाहांनी, म्हणजे नावाड्यांनी, एकमेकांची शिव्यांनी केलेली विचारपूस. ओल्या गाळाचा तो वास गल्लीतून चढत चढत आमच्या खिडकीपर्यंत येतो. त्यात माती असते, शेवाळ असतं, थोडी मासळी असते, आणि नवरात्र बसलेलं असल्यामुळे झेंडूही असतो. काल सकाळी तो वास आला आणि मी हातातला चहा तसाच धरून कान टवकारले.

"काय ऐकताय?" उमेने विचारलं.

"काही नाही. खालून घरघर येतेय का बघतोय."

"यंदाही नाही येणार," ती म्हणाली आणि हसली. उमा माझी बायको, ग्वाल्हेरची. हसताना ती पदर तोंडाला लावते आणि मग त्याच पदराने डोळे पुसते. आश्विनातली घरघर म्हटलं की आमच्याकडे हे दोन्ही होतं.

गोष्ट इंग्रजी अमदानीतली. त्यांचं महायुद्ध चाललं होतं, आणि काशीत त्याची झळ आम्हाला लागायची ती दुकानदाराच्या मानेतून. कुठलाही सुटा भाग मागा, तो मान हलवायचा. बेअरिंग? नाही. पट्टा? नाही. बरं, निदान चांगलं तेल? "लड़ाई खतम होवे द, गुरू." लढाई कधी खतम होणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. तोवर आहे ते यंत्र जपायचं, त्याचा हरेक आवाज लक्षात ठेवायचा, आणि नवा आवाज आला की रात्र व्हायच्या आत तो कुठून येतोय ते शोधून काढायचं.

आमचं घराणं वेदपाठी. पूर्वज महाराष्ट्रातून काशीला आले ते मुखात संहिता घेऊन. माझे वडील, आप्पा, वरच्या माडीवर विद्यार्थ्यांना संथा द्यायचे. मी मात्र यंत्रविद्येची परीक्षा देऊन परतलो आणि खालच्या मजल्यावर, जिथे आजोबांच्या वेळी गाई बांधत, तिथे कारखाना थाटला. कारखाना कसला, लेथ, ड्रिल, ग्राइंडर आणि एक गोल करवत. सगळी रेल्वेच्या लिलावातून आणलेली, सगळी माझ्याहून वयाने मोठी. छापखान्याचे रूळ, हातमागाची चाकं, पंपांचे दांडे, काय वाट्टेल ते आम्ही दुरुस्त करायचो. आम्ही म्हणजे मी आणि सरजू मिस्त्री. सरजू पलीकडच्या गल्लीतला, माझ्याच वयाचा, आणि गालात पान गेल्याशिवाय त्याचा विचार सुरू होत नसे. छताखाली एक लांब दांडा, त्याला फिरवणारी विजेची एक मोटर, आणि दांड्यावरून खाली येऊन एकेका यंत्राला फिरवणारे कातड्याचे पट्टे, अशी सगळी रचना होती.

कातड्याचे! तिथंच घोडं पेंड खात होतं. घरात कातडं फिरतं म्हटल्यावर आप्पांनी कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणं सोडलं. मी सुती पट्टा आणून पाहिला, तर तो असा किंचाळायचा की माडीवरची पोरं संथा विसरायची. शेवटी आप्पाच म्हणाले, "विनायका, तुझं ते कातडं परत आण. निदान गप्प तरी असतं." पण उंबरा काही त्यांनी ओलांडला नाही. गंगेवर जाता-येता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थोडे थांबायचे, आत लांबूनच बघायचे, नाक मुरडायचे आणि चालू पडायचे.

नाक असं, पण कान! अहो, काय कान होते त्या माणसाचे. पोरं सगळी एका सुरात म्हणत असताना एकाचाच स्वर घसरला, तर आप्पा मिटल्या डोळ्यांनी नेमक्या त्याच्याच मांडीवर चापट मारायचे. ते कान जमिनीतून खालचंही ऐकायचे. दुपारी पानावर बसलो की वरणभाताबरोबर तक्रार वाढलेली असायची. "ती तुझी कोपऱ्यातली भवानी आज दातओठ खात होती. जरा ध्यान दे." भवानी म्हणजे ग्राइंडर. "आणि तो म्हातारा आज बिलकुल लंगडत होता." म्हातारा म्हणजे लेथ. मी खाली मान घालून जेवायचो आणि हात धुतल्यावर गुपचूप खाली जाऊन बघायचो. भवानीचा दगड एका अंगाने झिजलेला निघायचा, म्हाताऱ्याच्या पट्ट्याचा सांधा उसवलेला निघायचा. आप्पांना वाटायचं, आपण पोराला बोल लावतोय. पोरगा मात्र त्यांच्याकडून यंत्रांची नाडी बघून घेत होता.

नव्या यंत्राचा आवाज सदा एकच, ऐकून कंटाळा येतो. जुन्याचं तसं नाही. सकाळी एक, दुपारी एक, पावसाळ्यात तिसराच. टक्, टक्, टक् असा ठेका आला की आधी बघायचं, तो पट्ट्याबरोबर पडतोय की चाकाबरोबर. पट्टा लांब, त्याची फेरी सावकाश, म्हणून त्याचा सांधा आपटत असेल तर ठेका संथ पडणार. चाकाचा दात तुटला असेल तर ठेका घाईचा. नुसती गुणगुण वाढली तर मोटरकडे जायचं. वरच्या पट्टीतली किंकाळी आली की समजायचं, कुठेतरी लोखंड लोखंडाला कोरडं भेटलंय. एवढं करून नाही कळलं, तर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घ्यायचा, टोक यंत्राच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. मग गल्ली नाही, घाट नाही, उमा जेवायला हाका मारतेय तीही नाही. यंत्राच्या पोटात मांडी घालून बसल्यासारखं वाटतं. मला ते फार आवडायचं. आजही आवडतं.

सरजू पेचकस दातात धरून ऐकायचा. म्हणायचा, कानात मळ असतो, दातात नसतो. त्याचा पेचकस अशा रीतीने उष्टा झाला, आणि कातड्याच्या पट्ट्यांत दिवसभर हात घालणाऱ्या मला तो उष्टा पेचकस मात्र कधी हातात घेववला नाही. उमा यावरून अजून चिडवते. सोवळं कुठं संपतं आणि कुठं सुरू होतं, हे आमच्या घराण्यात कुणालाच नीट सांगता आलेलं नाही.

तर त्या वर्षी कानपूरहून बोलावणं आलं. तिथल्या एका मोठ्या कारखान्यात जागा, वर राहायला घर. युद्धामुळे त्यांना माणसं हवी होती. माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र खास सांगायला आला आणि दिवाळीपर्यंत काय ते कळव म्हणून गेला. मला जायचं नव्हतं, अगदी नव्हतं. पण म्हाताऱ्याचे बुश, म्हणजे ज्या पितळी कड्यांत त्याचा मुख्य दांडा फिरतो ते, झिजून पातळ झाले होते आणि नवे मिळायची आशा नव्हती. लेथ बसला की कारखाना बसला, आणि कारखाना बसला की खायचं काय? एके दुपारी पानावर मी बोलून गेलो, "म्हातारा चालतोय तोवर आपण काशीत. तो बसला की कानपूर."

उमेने माझ्याकडे पाहिलं. आप्पांनी ताक मागितलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी एकुलता एक. संध्याकाळी पोरं आपापल्या घरी गेली की आप्पांना बोलायला आम्ही दोघंच. पण 'जाऊ नको' एवढं म्हणणं त्यांच्याच्याने कधी झालं नसतं. सगळी संहिता ज्या मुखात होती, त्या मुखात हे दोन शब्द नव्हते.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा केली. सरजूची विश्वकर्म्याची पूजा भाद्रपदात होऊन गेलेली, म्हणजे आमची यंत्रं वर्षातून दोनदा देव व्हायची आणि बाकीचे दिवस शिव्या खायची. हळदकुंकू झालं, झेंडूच्या माळा झाल्या, म्हाताऱ्याच्या मुंडक्याशी नारळ ठेवला. भवानीला माळ घालताना सरजू म्हणाला, "आज त देवी लागत हौ, काल्ह फिर चुड़ैल." आप्पा अर्थातच आत आले नाहीत. जिन्याच्या पायरीवरून "झालं का रे?" एवढं विचारलं, थोडा वेळ लेथकडे बघत उभे राहिले आणि वर गेले.

दसरा झाला आणि म्हाताऱ्याला घरघर लागली. सुरू करताना आधी घूंऽऽ, दम नसलेल्या माणसाने शंख फुंकावा तसं. मग छातीत कफ असल्यासारखी घरघर. मग मध्येच किर्र. आणि विचित्र म्हणजे सकाळी सगळ्यात जास्त. दुपारपर्यंत म्हातारा तापला की आवाज जरा मऊ पडायचा, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिल्यापासून, थोडा वाढूनच.

"ई बुढ़ौती क खाँसी हौ, भइया," सरजूने पान गालात सरकवत निदान केलं. "सबेरे ढेर आवेला. हमरे बाबूओ के आवत रहल."

खोकल्यावर काढा तरी देता येतो. आम्ही पट्टा उतरवून नुसता वरचा दांडा फिरवून पाहिला. गप्प. मोटर एकटी चालवली. गप्प. म्हणजे रोग म्हाताऱ्याच्या अंगातच. मी पेचकस टेकवला. मागचा बुश शांत. पुढच्या बुशवर टेकवला आणि दचकून मागे झालो. आत कुणीतरी वाळू चावत होतं. सरजूने आपला पेचकस दातात धरला, बराच वेळ डोळे मिटले, आणि मग कवळी बसवताना करावं तसं तोंड करून म्हणाला, "दाँत झनझना गयल."

"तेल घातलंस ना?"

"तेल त लबालब भरल हौ! एक बूँद कम ना होत हौ."

पुढच्या बुशवर झाकणाची एक छोटी पितळी वाटी होती. तिच्यात तेल घालायचं, आतल्या लोकरीच्या वातीतून ते थेंबाथेंबाने दांड्यापर्यंत उतरायचं. झाकण उचलून बघावं तर वाटी खरंच काठोकाठ. वर तेलाचा पिवळट तवंग. मी तर खूश झालो. तेलाच्या त्या टंचाईत आमचा म्हातारा तेल पीतच नव्हता, याहून गुणी यंत्र कुठलं!

आणखी एक गोष्ट होती. सकाळी लेथजवळ पाक करपल्यासारखा वास यायचा. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी हलवाई, आणि तो सकाळी जिलब्या तळतो. काशीत सकाळी जिलबीचा वास आला म्हणून कोण यंत्र उघडून बघतं? वास आला की सरजू उठायचा आणि पानाच्या दोन्यात जिलब्या घेऊन यायचा. खाता खाता आम्ही पुन्हा त्याच घरघरीवर डोकं फोडायचो.

आप्पा मात्र तक्रार करीनात. भवानीबद्दल नाही, म्हाताऱ्याबद्दल नाही. शेवटी मीच विचारलं, "आप्पा, वर आवाज येतो का लेथचा?"

"येतो."

"वाढलाय?"

"वाढलाय." त्यांनी भाताचा घास कालवला, पुन्हा कालवला, पण उचलला नाही. "बसेल का रे तो?"

"लक्षण तर तेच दिसतंय."

उमा वाढायची थांबली. आप्पांनी तो घास तसाच ठेवून उत्तरापोशन घेतलं आणि पानावरून उठले. अर्ध्या पानावरून उठलेले आप्पा मी त्याआधी पाहिले नव्हते. मला वाटलं, माझ्यावरच रागावले.

कोजागिरी झाली. पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकांना टोपल्यांतले आकाशदिवे चढले. बायका पहाटे कार्तिकस्नानाला गाणी म्हणत उतरायला लागल्या, नदीवर धुक्याचा पहिला पातळ पदर दिसायला लागला. वर्षातले हे माझे सगळ्यात लाडके दिवस. हवेत गारवा आला की लोखंडही हाताला बरं लागतं. त्या वर्षी मात्र मी सगळं असं बघत होतो, जणू सामान बांधून झालंय आणि टांगा यायचाय. गल्लीतल्या सांडाला वळसा घालतानासुद्धा वाटायचं, कानपूरला असला बिनकामाचा, बिनघाईचा सांड असेल का? मन म्हणजे काय काय धरून बसेल, सांगता येत नाही.

मुंग्या पाहिल्या त्या उमेने. चहा घेऊन खाली आली, कप खिडकीत ठेवला आणि म्हणाली, "अहो, इथे मुंग्या किती!"

"चहा सांडला असेल."

"चहा सांडला असता तर चहाकडे गेल्या असत्या. या तुमच्या म्हाताऱ्याकडे निघाल्यात."

खरंच की. लाल मुंग्यांची रांग खिडकीतून उतरून लेथच्या पायावर चढली होती, आणि तिथून थेट त्या पितळी वाटीपर्यंत. आता मुंगीला सगळं आवडेल, पण यंत्राचं तेल? सरजूने झाकण उघडलं, लोखंडाची तार आत बुडवली आणि ढवळली. वरचा तेलाचा तवंग बाजूला झाला, आणि खालून दाट, पांढरट, दह्याच्या गाठी असलेलं काहीतरी वर आलं.

"अरे भइया!" सरजू ओरडला. "ई त लस्सी हौ!"

उमेने बोट लावून हुंगलं. "मध आहे. तूप आहे. साखर..." तेवढ्यात तारेच्या टोकाला अडकून एक काळवंडलेलं पान बाहेर आलं. तुळशीचं. आम्ही तिघं त्या पानाकडे बघत राहिलो. लेथच्या पोटात पंचामृत! तेल जायची वात साखरेने चिक्कीसारखी कडक झाली होती, आणि बुश बिचारा दाण्यादाण्याने साखर चावत कोरडाच फिरत होता. तो जिलबीचा वास हलवायाचा नव्हता, आमच्याच म्हाताऱ्याचा होता.

"पण घालतं कोण?" मी म्हटलं.

उमेने वर जिन्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मामंजींची हल्ली रोज सकाळी दोन ओली धोतरं असतात दोरीवर. मला वाटलं, कार्तिकाचं जास्तीचं स्नान असेल."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी आणि उमा जिन्याच्या वरच्या वळणावर अंधारात दबून उभे राहिलो. खाली घाटावर बायकांची गाणी चालली होती. आप्पा पूजा आटोपून देवघरातून निघाले. अंगावर मुकटा, हातात पंचपात्री आणि पळी. जिना उतरले, कारखान्याच्या उंबऱ्याशी थांबले. मग मुकट्याचा सोगा आवरून त्यांनी उंबरा ओलांडला. वाटेत लेथचा पट्टा लोंबत होता. त्याला अंग लागू नये म्हणून ते गुडघ्यावर हात टेकून वाकले, जेवढं वाकवलं तेवढे वाकले, तरी पट्टा शेंडीला घासून गेलाच. त्यांनी वाटीचं झाकण उघडलं आणि पळीने सावकाश, एकही थेंब बाहेर न सांडता, पंचामृत आत घातलं. वर तुळशीचं पान ठेवलं. झाकण लावलं आणि म्हाताऱ्याच्या थंड मुंडक्यावर हात ठेवला.

"घे, बाबा," ते म्हणाले. "तुझ्या कातड्याचं मी मनात धरत नाही. तू चालत राहा. पोराला कानपूरला धाडू नको."

आणि तसेच, त्या गारठ्यात, विटाळ फेडायला पुन्हा गंगेकडे उतरले.

उमेने माझा दंड घट्ट धरला होता. जो उंबरा त्यांनी कातडं आल्यापासून ओलांडला नव्हता तो हा माणूस दसऱ्यापासून रोज ओलांडत होता, कातड्याखालून वाकत होता, थंडीत दोनदा बुडी मारत होता, आणि कुणाला कळू देत नव्हता. जिन्यावरून त्यांनी आम्हाला त्या वाटीत रोज काहीतरी पाजताना पाहिलं होतं. तोंड तेच, असं त्यांनी धरलं, आणि नैवेद्य तोंडाशीच न्यायचा असतो. यात त्यांचं काय चुकलं? घरघर वाढली की ते घाबरून पळीभर जास्त घालत. पळीभर जास्त घातलं की घरघर वाढे. म्हातारा औषधानेच मरणाला टेकला होता.

"सांगू का त्यांना?" मी विचारलं.

"खबरदार!" उमा कुजबुजली. "उभ्या आयुष्यात त्यांनी कधी काही मागितलं नाही. आता मागितलंय, तेही लोखंडाकडे. तुम्ही मध्ये पडू नका."

मग आम्ही मध्ये न पडता मार्ग काढला. लेथ उघडला, बुश आधी गरम पाण्याने आणि मग रॉकेलने धुतला, नवी वात घातली. बुशवर ओरखडे होते, पण जीव शाबूत होता. सरजूने ते हाताने घासून गुळगुळीत केले, आणि रॉकेलच्या वासातसुद्धा बोटं हुंगून म्हणाला की आत अजून जिलबी येते. खऱ्या वाटीवर पत्र्याचं आच्छादन बसवलं, बाहेरून दिसूच नये असं. आणि म्हातारा फिरायला लागल्यावर त्याच्यावरच पितळेचा एक तुकडा लावून आम्ही दुसरी वाटी कातली. मोठी, चकचकीत, झाकणावर कळसासारखी घुंडी असलेली. ती लेथच्या मुंडक्यावर अगदी समोर बसवली. बुड बंद, खाली जायला वाटच नाही. जगात कुठल्याही लेथला नसेल असं एक तोंड आम्ही आमच्या लेथला दिलं, जे फक्त नैवेद्यासाठी होतं.

नाटक सरजूने उत्तम केलं. आप्पा गंगेवरून येऊन पायरीवर थांबले की तो तेलाची बुधली घेऊन नव्या वाटीपाशी ओणवा व्हायचा आणि थेंबही न घालता मोठ्याने म्हणायचा, "पी ल, दादा, पी ल." दुसऱ्या दिवसापासून पंचामृत नव्या वाटीत पडू लागलं. मुंग्यांनीही पत्ता बदलला. आणि म्हातारा असा चालायला लागला, की पेचकस टेकवला तरी नुसतं गुंऽऽ, पोटभर जेवून पडलेल्या माणसाचं. मी कानपूरला नाही म्हणून कळवून टाकलं. त्या दुपारी पानावर आप्पा म्हणाले, "ती कोपऱ्यातली भवानी आज पुन्हा दातओठ खातेय. ध्यान कुठं असतं तुझं?" अहो, इतका आनंद झाला त्या तक्रारीने! मी आणखी भात मागितला.

दिवाळीच्या फराळाला आम्ही बसलो होतो. आप्पा अनरसा मोडत होते. खाली सुट्टी, यंत्रं सगळी बंद, घर कसं शांत. एकाएकी म्हणाले, "विनायका, ती नवी वाटी सुरेख झालीये."

"कोणती?" मी साळसूदपणे विचारलं.

"मोठी. घुंडीवाली. फक्त तिच्यात एक आहे." त्यांनी अनरशावरची खसखस बोटाने टिपली. "जुनीत घातलं की आवाजात फरक पडायचा. रोज ऐकत होतो. हिच्यात कितीही घाला, स्वर जागचा हलत नाही."

माझा हात चकलीवर तसाच राहिला. उमेने पदर तोंडाला लावला. ते कान! ज्यांना पोरांच्या घोळक्यातून चुकलेला स्वर ओळखता येई, त्यांना बुड बंद असलेली वाटी ओळखता येणार नव्हती होय?

"मग... मग तुम्ही अजून रोज का घालता, आप्पा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं संथा चुकलेल्या पोराकडे बघत.

"तू कानपूरला गेलास का?"

"नाही."

"मग?" ते म्हणाले आणि अनरसा तोंडात टाकला.

आप्पा पुढे बरीच वर्षं होते. इंग्रज त्यांच्या आधी गेले. आप्पांनी पाय चालले तोवर रोज उंबरा ओलांडला, पट्ट्याखालून वाकले, पळी घातली आणि पुन्हा बुडी मारली. पाय थकल्यावर पंचपात्री माझ्या हातात दिली आणि जिन्याच्या पायरीवर बसून बघत राहिले, सांडतो का ते. सरजूही आता कारखान्यात येत नाही, त्याच्या दातांत पेचकस धरायची ताकद राहिली नाही. पण संध्याकाळी येतो, पान लावतो, आणि दोघं मिळून आम्ही बंद यंत्रांचे आवाज आठवतो. म्हाताऱ्यावर झाकण आहे. आठवड्यातून एकदा मी ते काढतो आणि त्याला थोडं फिरवतो, सांधे धरू नयेत म्हणून. त्याचे आणि माझे.

आज खंडेनवमीसाठी मी ती वाटी घासायला काढली. चिंच लावून घासली की ती पहिल्या दिवसासारखी पिवळीजर्द होते. उमा दारात उभी राहून बघत होती.

"पुन्हा मुंग्या होणार," ती म्हणाली. "आता कशाला घालायचं ते? आता कोण तुम्हाला कानपूरला बोलावतंय?"

"मी गेलो का कानपूरला?"

"नाही."

"मग?" मी म्हटलं, आणि तिच्याकडे मधाची बाटली मागितली.